चढावरची काळी माती

शेताची किंमत ठरवून देणं हा माझा व्यवसाय आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या बुटांकडे बघतात. बूट चिखलाचे असतात. मग तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "म्हंजे दलाल?" त्यावर मी छातीवर हात ठेवतो, डोळे मिटतो, मुलगी पळून गेल्याची बातमी ऐकून नाटकातला बाप करतो ते सगळं करतो आणि म्हणतो, "दलालाला शेत विकायचं असतं हो. मला ते ओळखायचं असतं."

वाक्य माझं नाही, माझ्या सरांचं आहे. मी फक्त त्याला हावभाव जोडले.

खरं तर आमच्या वर्ध्यात हे काम शिकायची गरजच काय, असं कोणालाही वाटेल. पानठेल्यावर उभा असलेला कोणताही माणूस खर्रा चोळता चोळता जिल्ह्यातल्या वाट्टेल त्या गावच्या शेताचा भाव सांगतो. तोंड रंगायच्या आत. मीसुद्धा त्यातलाच होतो. कृषीची पदवी घेतली होती, वीस वर्षं बियाणं आणि फवारणीची औषधं विकण्यात घालवली होती, आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्याच शेताबद्दल भाषण देण्याची मला वाईट खोड लागली होती. दुकानाच्या मालकाने एक दिवस धंदा मुलाकडे सोपवला, मुलाने मला "अंकल" म्हटलं, आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी नवीन विद्या शिकायचं ठरवलं. बायको म्हणाली, "वा! आता शाळेत जाणार. डबा देऊ?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच डबा दिला. स्टीलचा, मुलीचा जुना, झाकणावर ससा असलेला.

सरांचं ऑफिस म्हणजे एक खोली. एका भिंतीला गावनकाशांच्या गुंडाळ्या, दुसऱ्या भिंतीला फळी, आणि फळीवर लोणच्याच्या बरण्या. बरण्यांमध्ये माती. आर्वीकडची, हिंगणघाटकडची, पुलगावच्या पलीकडची, नदीकाठची, टेकडीवरची. सर सत्तरीचे, बारीक, पांढऱ्या शर्टाच्या खिशात तीन पेनं. बँका आणि वकील दोघेही त्यांना वचकून असत. पहिल्या दिवशी त्यांनी एक बरणी उघडून माझ्या नाकाखाली धरली.

"काय वास येते?"

"मातीचा," मी म्हणालो.

"शाबास. घरी जा, उद्या येजो."

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी म्हणालो, "सर, थोडा कुजकट, ओलाव्याचा, डबक्यासारखा." सर खुर्चीत जरा सरळ बसले. "पानी निचरत नाई त्या शेतातलं. चाल, आता तुले शेतात न्याले हरकत नाई."

सहा महिने त्यांनी मला कोणत्याही शेताची किंमत उच्चारू दिली नाही. मी कागद जुळवायचे, सातबारा आणि नकाशा लावून बघायचा, टेपचं दुसरं टोक धरायचं आणि गप्प राहायचं. बोलणाऱ्या माणसाला गप्प ठेवणं म्हणजे भरलेल्या टाकीचा नळ हाताने दाबून धरणं. माझं वजन त्या सहा महिन्यांत कमी झालं.

सरांची पद्धत चमत्कारिक होती. एप्रिलच्या उन्हात ते मला पुलगावकडच्या एका शेतात बूट काढायला लावत.

"तळपायाले काय सांगून राह्यली जमीन?"

"सर, भाजून राह्यली."

"ते मलेबी दिसून राह्यलं, नाचून राह्यला तं. आणखी?"

हळूहळू ती आणखी काय सांगते तेही समजायला लागलं. कुंद्याचं गवत माजलं असेल तर जमीन भारी. पांदणीत, म्हणजे शेतावर जायच्या वाटेत, बैलबंडीच्या चाकोऱ्या किती खोल गेल्या आहेत ते बघितलं की पावसाळ्यात त्या शेतावर पोचता येतं की नाही हे मालकाला विचारावं लागत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगेत तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, सोडायची. जिथे ती अडली तिथे भेग संपली. तिच्यावर बोटाने खूण करून काडी वर काढायची. हा सरांचा मातीची खोली मोजण्याचा पहिला अंदाज. दुसरा, पक्का उपाय म्हणजे सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खड्डा खणणं. मला अर्थातच पहिला फार आवडला, कारण त्यात घाम येत नाही.

आणि एक नियम त्यांनी मला निदान शंभरदा सांगितला असेल. शेत बघायच्या आधी मालकाच्या घरचं खायचं नाही. "भिडेसाठी नाई सांगून राह्यलो मी," सर म्हणत. "भीड तं चहाच्या एका कपानंबी होते. पन उपाशी मानसाले घरी जाची घाई असते, तो शेताच्या मधातून सरळ चालते. पोट भरलेला मानूस सावली पाहून धुऱ्याधुऱ्यानं चालते." धुरा म्हणजे आमच्याकडे शेताच्या कडेचा बांध, त्यावर झाडं असतात आणि झाडांना सावली असते. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

दोन वर्षांनी सरांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठरलं आणि नेमकं त्याच आठवड्यात एक काम आलं. सर म्हणाले, "तूच जा. पाहून ये, लिहून आन. सही मी करीन."

काम घेऊन आल्या होत्या नालवाडीच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत, मीही म्हणालो. पासष्टच्या आसपास वय, बॉबकट, खांद्याला पर्स, आणि माझ्याशी बोलताना पुस्तकातली भाषा. वऱ्हाडी त्यांनी भावासाठी राखून ठेवली होती. जामपासून आत एका गावात वडिलांची बारा एकर जमीन. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, जमीन धाकटा भाऊ कसतो, भावाबहिणीत भांडण मुळीच नाही. आता वाटणी करायची.

"भांडण नाही तर वाटणी कशाला, असं तुम्हाला वाटलं ना?" बाई म्हणाल्या. माझ्या तोंडावर ते छापलेलं असावं. "मला शेती करायची आहे. स्वतः. पस्तीस वर्षं मी मुलांना काळी मृदा शिकवली, खडूनं, फळ्यावर. तिची चार वैशिष्ट्ये लिहा. माझ्या नखात ती कधी गेली नाही. मी हुशार म्हणून मला शाळेत घातलं आणि भाऊ ढ म्हणून त्याला शेतात. नशीब बघा ढ मुलाचं!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"माझ्या गुडघ्यांत अजून दहा वर्षं आहेत. डॉक्टरने सांगितलेली नाहीत, मी हिशेब केलाय. त्यातली दोन चुकीचा वाटा उचलून वाया गेली तर आठ उरतात. सोमवारी वाटणीपत्राची नोंदणी आहे. एकदा सही झाली की मी भावाला पुन्हा 'बदलून दे' म्हणणार नाही. तेव्हा मला आत्ताच सांगा, कोणता वाटा काय आहे."

त्यांच्या घरची वाटणीची रीतही त्यांनी समजावून सांगितली, वर्गात सांगावी तशी. जमीन कसणाऱ्याने दोन वाटे पाडायचे. उचलायचं दुसऱ्याने. प्रत्येक वाट्यातलं एक ढेकूळ आणून घरातलं वडीलधारं माणूस पाटावर ठेवतं. ज्याला उचलायचं त्याने एक उचलायचं, की झालं. आणि मुख्य गोष्ट, वाटे पाडणाऱ्याने ढेकूळ उचलेपर्यंत जमिनीबद्दल तोंड उघडायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. त्याचा एक शब्द इकडचं माप तिकडे करू शकतो म्हणून. ढेकळं रविवारी उचलायची होती.

गुरुवारी मी गावात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. भाऊ दारातच उभा. उंच, काळासावळा, मिशीत हसणारा. त्याच्या बायकोने माझ्यासमोर ताट ठेवलं. गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि रोडग्यात मुरलेलं तूप.

मला सरांचा नियम आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. समोर उभाच राहिला. मी त्याला म्हटलं, बस, तूही जेव.

जेवण झाल्यावर भावाने मला शेत दाखवलं. दाखवलं म्हणजे हात लांब करून, "हा वरचा वाटा, तो खालचा," एवढंच म्हणाला. खालचा वाटा नाल्यालगत, विहीर त्यातच. वरचा वाटा पांदणीपासून टेकाडाकडे चढत गेलेला. ऊन असं होतं की चिमण्याही चालत जात होत्या. वरच्या वाट्याच्या धुऱ्यावर मात्र बाभळींची सुरेख रांग होती. मी त्या रांगेखालून, माझे रोडगे सांभाळत, राजासारखा चाललो. शेजारी जमीन काळीभोर, चार बोटं रुंद भेगा. तुराटी सोडली तर कोपरापर्यंत हात आत गेला. दुसरीकडे सोडली, तीच गत. सहा ठिकाणी मोजलं, सहाही ठिकाणी खोल, आणि सहाही ठिकाणी सावली. खालच्या वाट्यात सावली नव्हती. तिथे मी विहिरीच्या काठावरून नजर फिरवली आणि चार भेगा मोजल्या. तीही जमीन चांगलीच होती. पण वरची! मी मनात अहवालाचं पहिलं वाक्य जुळवलं: "खोल, काळी, कसदार, उत्कृष्ट प्रतीची." भाऊ मागून येत होता. एक-दोनदा त्याने घसा खाकरला. मला वाटलं, उन्हामुळे.

शुक्रवारी अहवाल लिहिला. सरांची सही अजून व्हायची होती, पण इतकं सुंदर लिहिलेलं एक दिवस घरात ठेवणं मला जमेना. मी नालवाडीला गेलो, एक प्रत बाईंच्या हातात दिली आणि दुसरी वाचून दाखवली. उभं राहून. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराआड नवे गमबूट ठेवलेले होते, कंपनीचा कागदही काढला नव्हता. "वरचा वाटा," त्या हळूच म्हणाल्या. "कोणाला वाटलं असतं! आम्ही लहानपणी तिथे बोरं वेचायचो."

आता, ज्या जागी पोरं बोरं वेचतात त्या जागी काय असतं हे मला दोन वर्षांत शंभरदा शिकवलेलं होतं. पण मी त्या क्षणी टाळ्यांची वाट बघत होतो.

शनिवारी दुपारी सरांकडे गेलो. सर पलंगावर, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला वाचायची मनाई. "वाच," म्हणाले. मी वाचलं. खालच्या सुरात सुरू करून वरच्या वाट्यापाशी आवाज चढवला.

"चढ कोन्या बाजूले हाय?"

"टेकाडाकडे, सर. नाला खाली, टेकाड वर."

"अन् लय खोल काळी माती कुठं लागली तुले?"

"वरच्या वाट्यात."

"पानी कुठून कुठं वाहते बे?"

"वरून खाली."

"अन् पान्यासंगं माती?"

मी अहवाल मिटला.

"मंग तुया शेतातली माती टेकाडावर चढली कशी? जिना लावून?" सर उठून बसले. "गावाले तलाव हाय?"

"आहे."

"गाळ काढला असंन त्यातला, अन् यानं आनून टाकला असंन. खाली मुरूम तसाच. तुराटी कुठं कुठं सोडली?"

"धुऱ्यालगत."

"टिप्पर धुऱ्यालगतच रिकामा होते, राजा. मधात तो फसते. म्हंजे जिथं गाळाचे ढीग पडले तिथंच तू मोजत गेला. मधातून काऊन नाई चालला?"

मी सांगितलं.

"किती खाल्ले?"

"चार."

"चार रोडगे खाऊन मानूस शेत मोजत नाई. बाळंत होते." सरांनी पट्टीवरून हात फिरवला. "बाईले तं नाई सांगितलं ना?"

"काल सांगितलं. वाचून दाखवलं."

"पुरं?"

"हावभावासहित."

सरांनी माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. दोन डोळ्यांनी पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. "माई सही नाई तवरी हा कागद कोराच हाय. तो फाडता येते. पन त्या बाईच्या डोक्यात छापला गेला तो कोन खोडंन? भाऊ तं रितीनं तोंड उघडत नाई. उद्या तिनं ढेकूळ उचललं का संपलं. सब्बल दाराच्या मांगं हाय. घेऊन जा."

रविवारी उजाडता उजाडता मी मोटरसायकलला सब्बल बांधून निघालो. जामच्या चौकात आलुबोंड्याची पहिली कढई उतरत होती. मी मान वळवली नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

वरच्या वाट्याच्या अगदी मधोमध गेलो आणि सब्बल मारली. भस्स, भस्स, भस्स, आणि मग ठण्ण. पोटरीएवढा खड्डा झाला होता. खाली बोरींना मानवणारा पिवळा-पांढरा मुरूम, दात विचकून हसल्यासारखा. वीस पावलं सोडून दुसरा खड्डा. ठण्ण. तिसरा. एके ठिकाणी गाळ जरा जास्त, गुडघ्यापर्यंत. बाकी सगळीकडे पोटरीच. सातवा खड्डा खणेपर्यंत शर्ट अंगाला चिकटला होता आणि मी सरांना, स्वतःला आणि वांग्याच्या भाजीला शिव्या देऊन मोकळा झालो होतो.

"काय शोधून राह्यले, साहेब? हंडा?"

भाऊ धुऱ्यावर उभा, तोंडात कडूनिंबाची काडी.

"मुरूम," मी म्हणालो.

"सापडला?"

"सापडला."

तो जवळ आला, खड्ड्यात डोकावला. मग म्हणाला, "जमिनीबद्दल मी काई बोलू शकत नाई. ते ढेकूळ उचलल्यावर. पन तुमच्या त्या कागदाबद्दल तं बोलू शकतो ना? ताईनं फोनवर वाचून दाखवला."

"बोला."

"तीन उन्हाळे. नातेवाईकाच्या लग्नाले गेलो नाई मी, तीन उन्हाळे. तलाव ते शेत, शेत ते तलाव. अन् तुमी तीन उन्हाळ्याची माई मेहनत उचलून देवाच्या नावावर लिहून टाकली! उत्कृष्ट प्रतीची! अजी, प्रत माई हाय ना ते!"

तो रागावला होता की हसत होता ते मिशीमुळे समजत नव्हतं. मी म्हणालो, "गुरुवारी घसा खाकरलात तेवढं जरा जोरात खाकरायचं होतं."

"रीत हाय," तो म्हणाला. "आमच्या बापानं आपल्या भावासोबत पाळली. मी बहिनीसोबत मोडू? अन् सांगितलं असतं तं ताई काय म्हनते? हा आपलंच गानं गाऊन राह्यला. मले वाटलं तुमी मोठे मानसं, तुमाले दिसलंच असंन."

दहाच्या सुमारास बाई ऑटोतून उतरल्या. पायात गमबूट. सोबत गावातले म्हातारे काका, वडिलांचे चुलतभाऊ, हातात पाट आणि पाटावर दोन ढेकळं. काकांनी पाट धुऱ्यावर बाभळीखाली ठेवला, हळदकुंकू वाहिलं. भाऊ हाताची घडी घालून चार पावलं लांब उभा राहिला. बाईंनी नमस्कार केला आणि वाकून हात पुढे केला.

"बाई, थांबा," मी म्हणालो.

आयुष्यात मी बरीच भाषणं दिली आहेत. ते सगळ्यांत वाईट झालं. मधेच शब्द सापडेनात, हात कुठे ठेवायचे कळेना. पण सांगितलं सगळं: रोडगे, सावली, तुराटी, टिप्पर, आणि मुरूम. काका मधेच म्हणाले, "म्हंजे याले काई येत नाई काय?" भाऊ आकाशाकडे बघू लागला.

बाईंनी पर्स उघडली. आत माझा अहवाल होता, चार घड्या केलेला. आणि लाल पेन.

"कोणती ओळ?"

मी बोट ठेवलं. त्यांनी ती ओळ खोडली, समासात गोल काढला, आणि गोलाच्या आत काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं झालं असतं. "तू परवा माझ्या घरी उभं राहून वाचलंस," त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चा 'तू' झाला होता. "मी रात्री झोपले नाही, आनंदानं. पेरणी कुठून सुरू करायची ते ठरवत होते." मग आवाज बदलला आणि इतके दिवस राखून ठेवलेलं वऱ्हाडी बाहेर पडलं. "दाखव मले तो खड्डा. चाल."

सातही खड्डे त्यांनी पाहिले. मधल्या खड्ड्याशी गुडघ्याला हात लावून खाली बसल्या, बाही वर केली, आत हात घातला. कोपरही बुडालं नाही. नखांनी खालचा मुरूम खरवडला, हातात घेऊन चोळला, वास घेतला. मी त्यांना घाई केली नाही.

"किमतीनं कोणता वाटा मोठा?"

"खालचा. बराच मोठा. नवीन अहवालात तसंच लिहीन."

"किंमत बाजूले ठेव. मी एकटी, हे गुडघे, अन् फार तं दोन बाया कामाले. पाऊस पडला. मले कोन्या शेतात पाय टाकता येईल?"

हा रकाना फॉर्मात नाही. सरांनीही कधी विचारला नव्हता. मी दोन्ही वाट्यांकडे नीट बघितलं, आणि मग पहिल्यांदा हावभाव न करता बोललो. खालच्या वाट्यात जोराचा पाऊस झाला की आठ दिवस पाय टाकता येत नाही. गमबूट चिखलातच राहतात, माणूस पुढे जातो. निंदण थांबतं, तण वर येतं, मग ट्रॅक्टर लागतो, गडी लागतात, आणि ते भावाकडे मागावे लागतात. पीक मात्र भरघोस येतं. वरच्या वाट्यात तिसऱ्या दिवशी तण काढायचा डवरा चालतो. पाणी मुरून जातं. पण पावसाने ताण दिला तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माना टाकते, विहिरीचं पाणी मिळालं नाही तर हातची जाते. उतारा कमीच राहणार. गाळामुळे आधीपेक्षा बरा, खालच्याएवढा कधीच नाही.

"हे सगळं गुरुवारी सांगता आलं असतं तुले?"

"आलं असतं, बाई."

त्या धुऱ्यावर जाऊन बसल्या. कितीतरी वेळ. खाली नाल्याकडे बघायच्या, मग वर. भाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. त्याचं तोंड आतून कोणी ढकलत असल्यासारखं दिसत होतं. काकांनी शेवटी राहवेना म्हणून म्हटलं, "उचल ना व माय, ऊन चढून राह्यलं."

बाई उठल्या. पाटापाशी आल्या. वरच्या वाट्याचं ढेकूळ काळं, गुळगुळीत, गाळाचं होतं. त्यांनी ते उचललं नाही. बोटाने पाटावरून खाली ढकललं.

"काका, हे वरवरचं हाय. खड्ड्यातलं आना."

"मुरमाचं?"

"मुरमाचं."

"मुरमाचं ढेकूळ कोन उचलते बापा!" काका पुटपुटले, पण गेले. मुरमाचा एक पिवळा गोटा आणून त्यांनी पाटावर ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं. शेजारी खालच्या वाट्याचं काळं, जड ढेकूळ.

बाईंनी मुरमाचा गोटा उचलला. दोन्ही हातांनी. "विहिरीचं पानी आठवड्यातून दोन दिवस माया वाट्याले," त्या भावाकडे न बघता म्हणाल्या. "वाटणीपत्रात लिहाचं."

"तीन दिवस घे!" भाऊ ओरडला, आणि मग त्याचं धरणच फुटलं. "ताई, आयक, त्या कोपऱ्यात गाळ पातळ हाय, तिथं पऱ्हाटी लावजो नको, मूग टाकजो. अन् इकडे ये, इकडे, इथं पहिल्या साली टिप्पर फसलता, इथं सगळ्यात जाड थर हाय, इथून सुरू कर. अन् ते बोरीचं झुडूप दिसते ना, त्याच्या मांगून रोही पीक खाले येतात, तिथं आतापासूनच कुंपन..."

"बाबू, हळू बोल, लिहून घेऊन राह्यली मी," बाई म्हणाल्या. त्यांनी माझा अहवाल उलटा केला होता आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर, त्याच लाल पेनने, शेताचा नकाशा काढायला घेतला होता. चालता चालता त्यांचा गमबूट एका खड्ड्याच्या कडेला घसरला. भावाने दंड धरला.

त्यांनी वळून मला शोधलं. मी बाभळीच्या सावलीत उभा होतो.

"तू काऊन उभा? सात खड्डे केले ना माया शेतात? बुजव."

मी सब्बल आडवी टाकली आणि पायाने माती लोटायला लागलो. पहिला बुजवला, दुसरा बुजवला. ऊन डोक्यावर आलं. भाऊबहीण आता टेकाडाच्या अंगाला पोचले होते, भावाचा आवाज तिथूनही येत होता, कुठे काय लावायचं, कुठे लावायचं नाही, आणि मधेच बाईंचा, "थांब, थांब, हे पुन्हा सांग." काका पाट पोटाशी धरून धुऱ्यावर बसले होते.

"मधातला नीट दाब," ते मला म्हणाले. "तिथं भुसभुशीत राह्यलं तं पाय मुरगळंन पोरीचा."

मी मधल्या खड्ड्यात उतरलो आणि दाबायला लागलो.